नानांच्या जीपला मिश्रीलालशेठचे टायर

चोपडा,
ता. २० एप्रिल १९६९

आदरणीय नाना यांस,
यादवचा सविनय जय भीम.

इकडे मी आणि सुनंदा खुशाल आहोत. आपला डावा गुडघा कसा आहे? धुळ्याच्या उन्हात तो बरा राहतो असं आपण गेल्या वर्षी म्हणाला होतात, तेव्हा सध्या तो उत्तम असायला हरकत नाही. पार्वतावहिनींना आमचा नमस्कार. त्यांनी पाठवलेल्या बिबड्या पोचल्या, भाजून-तळून संपल्याही. गाडी सुखरूप आहे. हे वाक्य मी पहिल्याच परिच्छेदात घातलं, कारण आपली मागची तीन पत्रं माझ्यासमोर टेबलावर आहेत. पहिल्यात चौकशी आहे, दुसऱ्यात आठवण आहे, आणि तिसऱ्या कार्डावर पत्ता सोडला तर 'गाडी?' एवढा एकच शब्द आहे. नाना, मी वीस वर्षं भाषणं करतो आहे, पण एका शब्दात माणसाची झोप उडवणं मला अजून साधलेलं नाही.

आपण ती जीप लष्कराच्या लिलावातून आणलीत, तिचा एकेक बोल्ट ओळखता, रोज सकाळी आपल्या हाताने पुसता, आणि तरी केवळ धाकट्या बहिणीच्या, सुनंदाच्या, शब्दाखातर माझ्या चुलतभावाच्या लग्नाला आठ दिवस आमच्या हवाली केलीत. आज अठ्ठेचाळिसावा दिवस आहे. एवढ्या अवधीत इतिहासात राज्यं उलथली आहेत. मी एक शाळा उभी केली. (उभी म्हणजे अजून भिंती नाहीत, पण मंजुरी आली आहे, आणि या देशात भिंतीपेक्षा मंजुरी उभी करणं अवघड आहे.) ती कशी, आणि तिच्यात आपल्या गाडीचा वाटा कोणता, ते सगळं आपल्याला क्रमाने कळावं म्हणून हे पत्र. मधेच वाचणं थांबवू नये ही विनंती. थांबवायचंच झालं तर मडगार्डांच्या उल्लेखापाशी थांबवू नये.

सातपुड्याच्या पायथ्याशी कुंडीपाडा म्हणून चाळीस घरांची वस्ती आहे. माणसं केळीच्या मळ्यांवर मजुरीला येतात. शाळेच्या वयाची पोरं त्रेपन्न. जवळची शाळा अलीकडे सातोरीला, आणि मधे झिरी नाला. नाला म्हणजे पाऊण वर्ष नुसती वाळू, पाव मैल रुंद, आणि पावसाळ्यात पाणी. गेल्या श्रावणात भिका नावाच्या मजुराचा मुलगा शाळेतून येताना त्या पाण्यात वाहून जाता जाता वाचला. एका बाभळीने वाचवला. त्या दिवसापासून कुंडीपाड्याचं एकही पोर सातोरीला जात नाही. भिका माझ्याकडे आला होता. त्याने मुलाचं दप्तर तेवढं दाखवलं. दप्तरातली अक्षरं धुऊन गेली होती.

आता शिक्षणखात्याचा नियम पाहा. वस्तीला स्वतःची शाळा मिळायची तर दोन गोष्टी हव्यात: जवळची शाळा तीन मैलांहून जास्त लांब असावी, आणि साहेबांनी वस्ती स्वतः जाऊन पाहिलेली असावी. तीन वर्षांत तीन साहेब आले. तिघेही वाळूच्या काठापर्यंत येऊन परत गेले. पहिल्यांनी लिहिलं, 'पलीकडे वस्ती असल्याचे समजते.' दुसऱ्यांनी लिहिलं, 'पलीकडे धूर दिसतो.' तिसऱ्यांनी लिहिलं, 'पलीकडे काही दिसले नाही. ऊन फार होते.' हे तीन शेरे मी स्वतः वाचले आहेत, आणि वाचून माझं जे व्हायचं ते झालं. बाजाराच्या दिवशी मी मिश्रीलालशेठच्या कापडदुकानाच्या ओट्यावर चढलो (मी नेहमी तिथेच बोलतो, ओट्याची उंची माझ्या आवाजाला मानवते) आणि पाऊण तास बोललो. रोमन लोकांनी रस्ते कसे बांधले तिथून सुरुवात केली, एका सेनापतीने हत्ती बर्फाच्या डोंगरापलीकडे कसे नेले ते सांगितलं, आणि शेवटी भर बाजारात शपथ घेतली की या मार्चअखेर साहेब गाडीत बसून कुंडीपाड्यात उतरले नाहीत, तर हा यादव अडकमोल जन्मात पुन्हा व्यासपीठावर पाय ठेवणार नाही! प्रचंड टाळ्या पडल्या. टाळ्या शपथेच्या दुसऱ्या अर्ध्याला पडल्या होत्या, हे घरी आल्यावर सुनंदाने सांगितलं.

म्हणजे एका पारड्यात त्रेपन्न पोरांची शाळा आणि दुसऱ्यात माझी जीभ. आणि आपली गाडी दारात उभी. तीही चारही चाकांनी ओढणारी! आपणच मला सांगितलं होतं ना, की फोर-व्हीलचा दांडा टाकला की ही गाडी भिंतीवर चढेल? नाना, भिंतीचं माहीत नाही. वाळूत मात्र ती चाळीस पावलं गेली आणि बसली. मी जोर केला, तशी आणखी बसली. शेवटी पोट वाळूला टेकलं आणि चारही चाकं अतिशय निष्ठेने जागच्या जागी फिरत राहिली, मी कित्येक पुढारी असे पाहिले आहेत. सातोरीच्या एका बैलजोडीने ती बाहेर काढली. बैलवाला म्हणाला, "मास्तर, आते व्हयनी खरी फोर-व्हील." मी उत्तर दिलं नाही, कारण त्याचा दोर अजून गाडीला बांधलेला होता.

तिथून आमच्या निंबा मिस्त्रीचा अध्याय सुरू होतो. निंबा बसस्टँडमागे झाडाखाली गाड्या दुरुस्त करतो आणि दिवसाला दहा-बारा शब्द बोलतो. त्याने गाडीभोवती फेरी मारली, आपल्या टायरवर (ते गुळगुळीत होत आले होते, नाना, हे आपण मला सांगितलं नव्हतं) पान्याने टकटक केलं आणि म्हणाला, "मास्तर, बैलगाडीनं चाक मोठं काबर करतस? गाडीनी रेतीवर चालाले पाहिजे. तुम्हनी रेतीमा चालस." मी त्याला मिठीच मारणार होतो, पण त्याच्या अंगावर ग्रीस होतं. वाचनालयात जाऊन मी वाळवंटातल्या लढायांवरचं एक जाडजूड पुस्तक दोन दिवसांत संपवलं. त्यातही तेच! चाक मोठं आणि रुंद हवं, आणि वाळूत शिरण्याआधी त्यातली हवा कमी करायची, म्हणजे टायर उंटाच्या पावलासारखा पसरतो. निंबाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "माहीत शे." म्हणजे जे समजायला त्या सेनापतींना अर्धं सैन्य बुडवावं लागलं ते आमच्या बसस्टँडमागच्या झाडाखाली आधीच माहीत होतं.

मोठे टायर चोपड्यात एकाच माणसाकडे होते. मिश्रीलालशेठने कापसासाठी छोटा ट्रक घेतला होता, तो विकला, पण त्याचे चार जवळजवळ नवे टायर गोदामात ठेवून दिले होते. ज्याच्या दुकानासमोर मी वीस वर्षं ओरडतो आहे त्याच्याच दारी जायची वेळ आली. शेठ गादीवर बसल्या बसल्या सगळं ऐकून म्हणाले, "मास्टरसाब, टायर घेऊन जावा, मला त्याचं काही नको. एक करा. सहा महिने माझ्या ओट्यावर भाषण नको. बाई लुगडं पसंत करत असते, तुमचा आवाज चढतो, बाई पदर हातातून सोडून तुम्हाला ऐकायला बाहेर जाते. परत येत नाही हो ती!" मी तत्त्वाचा माणूस. विचारस्वातंत्र्याचा सौदा मी जगात कुणाशी करणार नाही. पण त्रेपन्न पोरं डोळ्यांपुढे आली आणि मी सही केली. तारण म्हणून आपले चार टायर शेठच्या गोदामात सरकीच्या पोत्यांमागे आहेत. मी निघताना शेठने हाक मारून परत बोलावलं आणि पाट्यांचं एक भरलेलं खोकं माझ्या हातावर ठेवलं. म्हणाले, "शाळा झाली तर लागतील." माणूस तसा ओळखायला कठीण आहे.

आता मडगार्ड. नवा टायर आपल्या जुन्याहून जवळजवळ तीन इंचांनी उंच आणि चांगला ओंजळभर रुंद. आमच्या अंगणात जॅकवर गाडी उचलून चाक बसवलं आणि जॅक खाली घेतला, तसा टायर मडगार्डाला असा जाऊन भिडला की चाक हलेना. निंबाने हातातली विडी कानावर ठेवली आणि दोन शब्द उच्चारले: "कापनं पडी." मी म्हणालो, गाडी दुसऱ्याची आहे, पाहुण्यांची आहे. तो म्हणाला, "मंग पाहुनास्ले इचारा." धुळ्याला पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत मार्च संपला असता. (आणि उत्तर काय आलं असतं ते मला माहीत होतं. ही गोष्ट मी उघडपणे कबूल करतो.) मी विचारात पडलो असताना आतून सुनंदाचा आवाज आला की कापायचं तर सरळ कापा, करवतीसारखं नको. मडगार्ड फार सुबक कापले आहेत, नाना. कडा निंबाने दुमडून कानशीने घासल्या आहेत, कुणाचं धोतर अडकणार नाही. पण एवढ्याने भागलं नाही. खड्ड्यात गाडी दबली की टायर वर घासे, म्हणून खालच्या कमानीत, म्हणजे स्प्रिंगमध्ये, दोन-दोन पाटे जादा टाकले. मग पुढची चाकं पुरी वळवली की तेच टायर आतल्या बाजूने कमानीला घासू लागले, म्हणून निंबाने वळण्यालाच आळा घातला: स्टिअरिंग आता अर्ध्यात अडतं. त्यामुळे आपली गाडी चौकात एका दमात वळू शकत नाही. घरून बाजारात जायचं तर आधी कापसाच्या जिनिंगचं आवार गाठावं लागतं, तिथे मैदान आहे, तिथून वळून परत. पहिल्या दिवशी मी चौकाला चार फेऱ्या मारल्या तेव्हा लोकांना वाटलं निवडणूक लागली. दोघांनी उमेदवार कोण म्हणून विचारलं, तिसऱ्याने हार आणायला माणूस पाठवला. आणि गाडी दिसते कशी? पानाच्या टपरीवरून एकाने विचारलं, "मास्तर, हाई जीप टाचा उचलीसन कोन्हा घरमा देखी राहिनी?" हसू द्या त्यांना. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी एकटा झिरीच्या वाळूत उतरलो. टायरातली अर्धी हवा सोडली, दांडा टाकला, आणि जिथे बैल लागले होते तिथून ती अशी निघाली जशी सतरंजीवरून मांजर! मी मधोमध गाडी उभी करून टाळ्या वाजवल्या. तिथे दुसरं कुणी नव्हतं.

सव्वीस मार्चला साहेब आले. बाफना साहेब, नवे बदलून आलेले. वयस्कर, सावकाश बोलणारे, हातात छत्री. त्यांनी गाडीत बसण्याआधीच एक गोष्ट स्पष्ट केली. ते जैन, सूर्यास्तानंतर अन्नाचा कण घेत नाहीत, पाणीसुद्धा नाही. सकाळपासून उपवासासारखेच आहेत, तेव्हा साडेसहाच्या आत त्यांना चोपड्यात जेवणाच्या ताटावर परत आणायचं. उशीर होतो असं दिसलं की वाटेत जिथे असू तिथून परत फिरायचं. मी म्हटलं, साहेब, दोनला निघू, पाचला परत. मागे सुनंदा पाट्यांचं खोकं मांडीवर घेऊन बसली. (ती का येते आहे असं मी विचारलं होतं. खोकं धरायला कुणीतरी हवं ना, असं ती म्हणाली. मला पटलं.)

पुढे जी चूक झाली ती माझी. मी ती लपवणार नाही. वाटेत पहिलं गाव लागलं, तिथे टायर बघायला पारावरची सगळी माणसं उठून आली. शंभर माणसं आपण होऊन गाडीभोवती जमतात आणि मी पुढे निघून जातो, हे नाना, माझ्या हातून होणं शक्य आहे का? मी बॉनेटवर उभा राहिलो आणि चाकाचा शोध या विषयावर वीस मिनिटं बोललो. दुसऱ्या गावात माणसं जास्त होती, तिथे पंचवीस मिनिटं झाली. तिसऱ्या गावात मी थांबणार नव्हतो, पण एक म्हातारा म्हणाला की तुमचं भाषण मागच्या गावाला मिळालं नि आम्हाला का नाही. हा समतेचा प्रश्न होता. सातोरीला पोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते आणि साहेबांनी घड्याळ खिशात न ठेवता तळहातावरच ठेवलं होतं.

सातोरीच्या शाळेच्या दारात साहेबांनी गाडी थांबवायला सांगितली, पुढे वाकून मैलांच्या मीटरचा आकडा वहीत उतरवला. मग वाळू. मी चारही टायरांची हवा सोडली, फुस्स आवाज ऐकून साहेबांनी छत्री घट्ट धरली. आणि नाना, आपली गाडी ज्या वाळूपुढे तीन साहेब हरले त्या वाळूत शिरली! इंजिन घुमतंय, टायर पसरलेत, मागे पाट्या खडखडताहेत, आणि चाकाखालची वाळू धुरळा होऊन उडते आहे पण धरत नाही. मधे एकदा ती डगमगली. साहेबांनी डोळे मिटले. आणि पुढची चाकं पलीकडच्या मुरमाला लागली! काठावर सगळा कुंडीपाडा उभा होता. पोरं गाडीच्या दोन्ही बाजूंनी पळत सुटली, भिका सर्वांत पुढे. वस्तीतल्या चिंचेखाली मी गाडी उभी केली तेव्हा साडेपाच होत होते. मी जिंकलो होतो. बोलायला उभा राहणार, तेवढ्यात साहेब खाली वाकले, मीटर पाहिलं, वहीत वजाबाकी केली, पुन्हा केली, आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, दोन मैल नऊ दशांश. तीन पुरे होत नाहीत."

भिकाला आकडा समजला नव्हता, त्याने माझा चेहरा वाचला. मी काय करणार? मला जे येतं तेच केलं. बॉनेटवर चढलो आणि नियम माणसासाठी की माणूस नियमासाठी या विषयावर अशी तोफ डागली की चिंचेवरचे पक्षी उडाले. साहेब खाली मान घालून ऐकत होते आणि मधूनमधून सूर्याकडे बघत होते. तेवढ्यात गर्दीतून द्रौपदाबाई म्हणून एक म्हातारी पुढे आली. चाळीस वर्षं ती सातोरीच्या बाजाराला पायी जाते. तिने मीटरच्या काचेवर बोट ठेवलं आणि साहेबांना म्हणाली, "आम्हनं गाव दूर शे का जवळ शे, हाई डबीले काय माहीत? मन्हा पायस्ले इचारा!" लोक हसले. साहेबही हसले, पण म्हणाले, "आजी, तुमच्या पायांचा आकडा मला कागदावर लिहिता येत नाही."

मी दोन्ही हात वर करून पुढच्या वाक्याला हात घालणार, इतक्यात मागून सुनंदाने माझ्या कोटाचं टोक ओढलं. म्हणाली, "अहो, मीटर काय मोजतं? चाकाचे फेरेच ना?" मी म्हटलं हो, मधे बोलू नकोस. ती म्हणाली, "मोठं चाक एका फेऱ्यात जास्त जमीन कापतं. मग फेरे कमी होतात. मग मीटर कमी सांगणार." नाना, माझे हात वरच राहिले. मी वाळवंटातल्या सगळ्या लढाया वाचल्या होत्या, आणि हे एक वाक्य माझ्या डोक्यात आलं नव्हतं! ज्या टायरांनी साहेबांना आणलं तेच टायर शाळा खाऊन बसले होते.

साहेब म्हणाले, दाखवा. आणि आता आपल्याला आनंद होईल असं सांगतो. शेठकडे तारण फक्त चार टायर आहेत. आपला पाचवा, स्टेपनीचा, मूळ जागी गाडीच्या मागे तसाच होता! निंबाने त्याला हातही लावला नव्हता. तो काढला, त्यावर खडूने खूण केली, आणि साहेबांनी कोट काढून स्वतः तो सपाट जमिनीवर एक फेरा लोळवला. सात फूट पाच इंच. मग गाडीच्या चाकाला द्रौपदाबाईच्या पदराची चिंधी बांधली आणि सगळ्या वस्तीने मिळून आपली जीप एक फेरा ढकलली. (ढकलणारी माणसं साठ, जागा वीस जणांची; त्यामुळे बाकीचे चाळीस जण ढकलणाऱ्यांना ढकलत होते.) आठ फूट दोन इंच! साहेबांनी खोक्यातली एक पाटी मागितली, जमिनीवर मांडी घातली आणि त्रैराशिक मांडलं. पोरं त्यांच्या खांद्यांवरून वाकून बघत होती. कुंडीपाड्याच्या शाळेतलं ते पहिलं गणित. उत्तर आलं, तीन मैल आणि वर दीड फर्लांग. साहेबांनी ताळा करून पाहिला, पाटी वर धरली आणि म्हणाले, "बसतं." मला वाटतं 'बसतं' या शब्दाला इतक्या टाळ्या जगात कुठे पडल्या नसतील.

पण सूर्य अगदी डोंगरावर आला होता. चोपड्याचं ताट आता शक्य नव्हतं, आणि ते माझ्या तीन भाषणांमुळे. मी साहेबांची माफी मागितली. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं, मग द्रौपदाबाईकडे वळून विचारलं, "आजी, भाकरी आहे का?" ती गोंधळली. म्हणाली, "शे ना साहेब. पन तुम्हीन आम्हना घरनं खाशात?" साहेब म्हणाले, "कांदा-लसूण नसलं म्हणजे झालं." ती म्हणाली, "कांदा-लसूण नहीच शे बापा. डाळमा नुसतं मीठ-मिरची शे." साहेब तिच्या ओट्यावर बसले आणि सूर्याची कड बुडायच्या आत दीड भाकरी, उडदाची डाळ आणि दोन केळी खाऊन उठले. नाना, मी या विषयावर आयुष्यात निदान दोनशे भाषणं केली असतील. त्या ओट्यासमोर उभा राहून मी एकही शब्द बोललो नाही.

साहेब जेवत असताना बाहेर दुसरंच काम चाललं होतं. टायरांची हवा मी घाईत जास्तच सोडली होती; परतीपुरती ती पुन्हा भरायची, आणि हवेचा पंप मी पाट्यांना जागा व्हावी म्हणून घरी ठेवला होता. वस्तीत एकच सायकल, तिचा एक पंप. भिकाने रांग लावली. प्रत्येकाने पन्नास दट्टे मारायचे, मग दुसऱ्याच्या हातात द्यायचा. बायका मारत होत्या, पोरं दोघं-दोघं मिळून मारत होती, आणि हात धुऊन आलेल्या साहेबांनीही पन्नास मारले (तिसाव्यानंतर जरा मंदावले). मग त्यांनी वही उघडून शेरा लिहिला. मी तो पाठ केला आहे: 'वस्तीत प्रत्यक्ष गेलो. अंतर तपासले. येथे जेवलो. शाळा हवी.'

मंजुरीचा कागद परवा आला. जूनपासून शाळा, तूर्त चिंचेखाली. तो कागद घेऊन मी बाजारात गेलो आणि सही केल्याप्रमाणे शेठच्या ओट्याखाली गप्प उभा राहिलो. शेठने गादीवरून पाहिलं, चष्मा काढला, आणि म्हणाले, "चढा, मास्टरसाब. आज दुकान बंदच करतो." मी दीड तास बोललो. एकही माणूस उठला नाही.

असा हा सगळा प्रकार. गाडीची काळजी नसावी. वहिनींना, मुलांना आशीर्वाद व नमस्कार यथायोग्य. गुडघ्याला जपावं.

आपला नम्र,
यादव अडकमोल

ता. क. – मडगार्डांचे कापलेले तुकडे गोणपाटात गुंडाळून नीट ठेवले आहेत. निंबा म्हणतो, पुन्हा जोडता येतील. 'जोडता येतील' म्हणताना तो दुसरीकडे बघत होता, हेही कळवणं माझं कर्तव्य आहे.

दुसरा ता. क. – मूळ विषय राहूनच गेला. साहेब निघताना म्हणाले की शाळा मिळेल, पण नाल्यापलीकडे यायला मास्तर मिळायचा नाही. मी तिथल्या तिथे तरुण पिढीच्या कर्तव्यावर बोलायला सुरुवात केली. मी बोलत असतानाच सुनंदाने पिशवीतून आपला ज्युनियर पी.टी.सी.चा, म्हणजे मास्तरकीच्या परीक्षेचा, दाखला काढून साहेबांच्या हातात ठेवला. (दाखला दोन वर्षं ट्रंकेत होता. तो त्या दिवशी पिशवीत कसा आला हे मी अजून विचारलेलं नाही. स्त्रीशिक्षणावर मी गेली वीस वर्षं बोलतो आहे, आता हे कोणत्या तोंडाने विचारू?) मंजुरीबरोबर तिच्या नेमणुकीचा हुकूमही आहे. पावसाळ्यात नाल्याला पाणी असेल तेव्हा ती तिकडेच द्रौपदाबाईकडे राहील, पण बाकीचे आठ महिने जायला-यायला आपली गाडी लागेल. म्हणजे विनंती अशी की गाडी एक वर्ष राहू द्यावी. शिवाय आपण पंधरा दिवस इकडे येऊन तिला चालवायला शिकवावं. माझ्याकडून शिकायला ती तयार नाही, का ते माहीत नाही.

तिसरा ता. क., सुनंदाच्या हातचा – नाना, साष्टांग नमस्कार. ह्यांनी लिहिलंय ते बठ्ठं खरं शे, एवढंच की 'राहू द्यावी' हे त्यांचं आहे. गाडी मी ठेवून घेतली आहे. बोलताना हे स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलतात, म्हणून ह्यांच्याकडून शिकायचं नाही. काल मी स्वतः गाडी चालवत बसस्टँडपर्यंत नेली. हे शेजारी बसले होते आणि वाटभर एक शब्द बोलले नाहीत, कारण तोंड उघडलं की मी वेग वाढवत होते. तुम्ही एसटीनेच या, उतरल्यावर गाडी समोरच दिसेल, उपाहारगृहाच्या भिंतीला नाक लावून उभी आहे. मागे घ्यायचा गिअर मला सापडत नाही, आणि ह्यांना तो विचारायचा नाही असं मी ठरवलं आहे. तेव्हा लवकर या.